मोठा मुलगा किल्ट नेसायला नाही म्हणतो तेव्हा

पाच वर्षांच्या मुलाला किल्ट, म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा स्कॉटिश पोशाख, नेसवणं सोपं असतं. तो आरशापुढे गिरकी घेतो, चुण्या उडाल्या की खूश होतो आणि दिवसभर अंगातून काढत नाही. तोच मुलगा अकरा-बारा वर्षांचा झाला की खोलीचं दार लावून घेतो. काकाचं लग्न असो, 25 जानेवारीची, कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीतली बर्न्स नाइट असो, 30 नोव्हेंबरचा स्कॉटलंडच्या संताचा सेंट अँड्र्यूज डे असो, उत्तर ठरलेलं: ‘मी स्कर्ट घालणार नाही.’ स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बऱ्याच घरांत हा प्रसंग येतो. एडिंबरा-ग्लासगोत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही मुलांना मित्राच्या घरच्या लग्नाचं किंवा शाळेच्या केलीचं, म्हणजे सामूहिक नाचाच्या कार्यक्रमाचं, आमंत्रण आलं की हाच पेच पडतो.

बहुतेक आईवडील इथे अख्ख्या पोशाखावर वाद घालत बसतात. पण हा पोशाख म्हणजे नऊ-दहा सुट्या वस्तू: किल्ट, शर्ट, जॅकेट, वेस्टकोट, स्पोरन म्हणजे पुढे लटकणारी चामड्याची पिशवी, किल्ट पिन, होज म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचे लोकरी मोजे, ते वर धरून ठेवणारे गार्टर म्हणजे पट्टे आणि त्यांचे रंगीत फ्लॅश, गिली ब्रोग हे बूट. मुलाचा नकार बहुतेक वेळा यातल्या एखाददुसऱ्या वस्तूला असतो, नाहीतर त्या दिवशीच्या एखाद्या क्षणाला. तो धागा सापडला की निम्मं काम होतं.

काय खुपतंय ते आधी काढून घ्या

‘का नको?’ असं समोर बसवून विचारलंत तर ‘असंच’ यापलीकडे काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा सगळ्या वस्तू पलंगावर मांडा आणि म्हणा, ‘यातलं तुला काय चालेल आणि काय अजिबात नको, ते बाजूला काढ.’ मुलं बोटांनी पटकन उत्तर देतात. पोशाख अजून आणलेला नसेल तर गाडीत, शेजारी शेजारी बसून, नजरेला नजर न देता हे बोलणं जास्त सोपं जातं.

बहुधा पुढची कारणं निघतात: मोजे टोचतात. वाऱ्याने किल्ट उडेल. आत काय घालतात यावरून मित्र पिडतील. फोटो सगळीकडे फिरतील. धाकट्या भावासारखाच वेश करून मला नटवताय. हे शेवटचं कारण मुलं तोंडाने क्वचित सांगतात, पण ते खूपदा असतं. सहा वर्षांच्या भावाचं आणि तेरा वर्षांच्या दादाचं टार्टन म्हणजे किल्टच्या कापडाची रंगीत चौकड्यांची नक्षी, जॅकेट, टाय सगळं जुळवलंत तर दादाला ते बाळलेणं वाटतं. टार्टन एकच असू द्या, बाकी सगळं मोठ्यांसारखं द्या. बाबांनी प्रिन्स चार्ली हे आखूड औपचारिक जॅकेट, वेस्टकोट आणि बो टाय घातला असेल तर दादालाही तेच, आणि धाकट्याला नुसता शर्ट.

आणखी एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. बाबा, आजोबा, काका सुटाबुटात आणि किल्ट फक्त मुलाला, असं असेल तर मुलगा नाही म्हणतो ते बरोबरच आहे. घरातल्या एका तरी मोठ्या पुरुषाने त्याच दिवशी किल्ट नेसायला हवा.

‘हा स्कर्ट आहे’ याला काय उत्तर द्यायचं

चिडू नका, हसण्यावारीही नेऊ नका. मराठी घरात हे समजावायला एक सोय आहे. आपण विजार घालतो, पण धोतर नेसतो. किल्टसुद्धा नेसायचीच वस्तू. त्याचं जुनं रूप, मोठा किल्ट, म्हणजे न शिवलेलं लांबलचक लोकरी कापड होतं. कमरेला चुण्या घालून गुंडाळायचं, पट्टा बांधायचा, उरलेलं खांद्यावर घ्यायचं आणि रात्री डोंगरात तेच पांघरून झोपायचं. अठराव्या शतकात त्याचा खालचा अर्धा भाग वेगळा झाला, तो आजचा किल्ट. आजही मोठ्या माणसाच्या पूर्ण किल्टला 8 वार कापड लागतं, नऊवारीपेक्षा एक वार कमी. मुंजीत धोतर नेसलेल्या मुलाला हे लगेच उमगतं.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला सगळ्यात जास्त पटते ती बंदीची हकिकत. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळावी म्हणून झालेल्या 1745 च्या जॅकोबाइट उठावानंतर ब्रिटिश संसदेने 1746 मध्ये ड्रेस ॲक्ट केला. सैन्यातले लोक सोडून स्कॉटलंडमधल्या कुठल्याही पुरुषाने किंवा मुलाने हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख करायचा नाही, असं त्यात होतं. ‘मुलाने’ हा शब्द कायद्यातच आहे. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं सागरापार हद्दपारी. ही बंदी 1782 मध्ये उठली. आपल्या वयाच्या मुलांना ज्या कपड्यासाठी कैद होऊ शकत होती, तो कपडा नाजूक-साजूक नाही हे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

सैनिकांच्या गोष्टी आवडत असतील तर बिल मिलिनबद्दल सांगा. 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या सोर्ड किनाऱ्यावर गोळीबारात बॅगपाइप वाजवत चालणारा हा एकवीस वर्षांचा वादक किल्ट नेसून होता. तो किल्ट त्याच्या वडिलांनी पहिल्या महायुद्धात वापरलेला. आणि मुलगा फुटबॉलवेडा असेल तर इतिहास बाजूला ठेवून 2024 च्या युरो स्पर्धेचे म्युनिकमधले फोटो दाखवा. हजारो स्कॉटिश चाहते, वर राष्ट्रीय संघाची जर्सी, खाली किल्ट, पायात जाडजूड बूट आणि घोट्यावर गोळा झालेले मोजे. त्यांना टार्टन आर्मी म्हणतात. बऱ्याच मुलांना पहिल्यांदा तिथेच कळतं की किल्ट म्हणजे फक्त लग्नातला कडक पोशाख नव्हे.

हे सगळं एका बैठकीत ओतू नका. एक गोष्ट सांगा आणि विषय बदला.

निवड खरी असू द्या

‘निळा हवा की हिरवा?’ एवढ्यावर मोठं मूल फसत नाही. समारंभ कसा आहे ते आधी यजमानांना विचारा, मग जितकं सोडता येईल तितकं मुलावर सोडा. टार्टन निवडायला घराण्याचं नाव लागत नाही. ब्लॅक वॉच किंवा रॉयल स्टुअर्ट कोणीही नेसतं, आणि शहरांची, जिल्ह्यांची टार्टन्स असतात ती तिथे राहणाऱ्याला शोभतातच. लाल रंगाला घाबरणारी मुलं ब्लॅक वॉचचा गडद निळा-हिरवा किंवा राखाडी छटेचं टार्टन आनंदाने घेतात, कारण ते लांबून नजरेत भरत नाही. सरकारी टार्टन नोंदवही 2009 पासून चालू आहे आणि इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. मुलाला तासभर त्यात हिंडू द्या.

वरच्या कपड्यात तर खूप वाव आहे. रात्रीच्या औपचारिक जेवणाला प्रिन्स चार्ली, दिवसाच्या लग्नाला साधं ट्वीडचं जॅकेट आणि टाय, नाचाच्या कार्यक्रमाला गळ्याशी नाडी असलेला सैल गिली शर्ट, आणि सामन्याला किंवा हायलँड गेम्स या पारंपरिक खेळांच्या मेळाव्याला टी-शर्टसुद्धा. बूट हा अनेकदा निर्णायक मुद्दा ठरतो. गिली ब्रोगच्या लांब नाड्या पोटरीभोवती बघून मुलगा नाक मुरडत असेल तर साधे काळे लेदर शूज किंवा काळे बूट घालू द्या. कोणाचं लग्न मोडत नाही.

मापं: इथे चुकलात तर सगळी समजूत वाया

न बसणारा किल्ट मुलाला दिवसभर सावरावा लागतो. तो सतत खाली सरकतो, मुलगा सतत वर ओढतो आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. पुढच्या वेळचा नकार असाच तयार होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पँटचं माप सांगणं. पँट कमरेच्या हाडावर बसते, किल्ट बेंबीच्या पातळीला. म्हणून टेप बेंबीवरून फिरवा, शर्टावरून, मुलाने पोट आत न ओढता. दुसरं माप नितंबांच्या सगळ्यात रुंद भागाचं. तिसरं लांबीचं: बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. पडताळायला मुलाला ताठ गुडघ्यांवर बसवा. किल्टची खालची कड जमिनीपासून साधारण 2 ते 3 सेंटीमीटर वर राहायला हवी. कड जमिनीला टेकली तर किल्ट लांब आहे, आणि लांब किल्ट खरोखरच स्कर्टसारखा दिसतो. मुलाची तक्रार मग खरी ठरते.

भाड्याने घ्यायचा असेल तर सहा आठवडे आधी दुकानात जा आणि मुलाला बरोबर न्या. कपडे हातात आले की त्याच दिवशी घालून बघा, समारंभाच्या सकाळी नव्हे. या वयात सहा आठवड्यांत उंची बदलू शकते. विकत घेताना हे लक्षात ठेवा: किल्टची खालची कड म्हणजे कापडाचा मूळ काठच असतो, तिथे दुमडपट्टी नसते, त्यामुळे नंतर लांबी सोडता येत नाही. मुलांच्या काही किल्टांना आतल्या बाजूने आडवी टीप घालून वाढीसाठी कापड राखलेलं असतं. ते आहे का, हे विचारूनच घ्या. बक्कल मात्र सरकवून लावता येतात.

कापडाचं वजन वारामागे औंसात मोजतात. 16 औंसाचं जड कापड सुंदर पडतं, पण मुलाला गरम आणि ओझं होतं. 10-11 औंसाचं हलकं असतं, पण वाऱ्यावर भुरभुरतं. उडण्याची भीती असलेल्या मुलाला 13 औंस बरं. पॉलिव्हिस्कोज या कृत्रिम धाग्याचे स्वस्त किल्ट टोचत नाहीत आणि धुता येतात, पण वाऱ्यात ते सगळ्यात आधी उडतात.

बारीक अंगाच्या मुलाला कंबर आणि नितंब जवळपास सारखेच असतात, मग बक्कल कितीही आवळा, किल्ट घसरतो. आणखी आवळू नका. वेस्टकोटच्या आत दिसणार नाहीत असे खांद्यावरचे पट्टे लावून द्या.

टोचणं आणि उडणं

लोकरी होज नव्या असताना चांगल्याच टोचतात. आत पातळ सुती मोजे घालायचे, नाहीतर सुताचं प्रमाण जास्त असलेल्या होज घ्यायच्या. नव्या होज दोनदा कोमट पाण्यात लोकरीच्या साबणाने धुतल्या की मऊ पडतात. कमरेला टोचत असेल तर शर्टाची शेपटी लांब हवी, म्हणजे लोकर आणि कातडी यांच्यामध्ये सगळीकडे शर्ट राहतो. गार्टर आवळून बांधला तर पोटरीवर लाल वळ उठतो आणि मुलगा अर्ध्या तासात होज खाली ढकलतो. एक बोट सहज आत जाईल इतकाच घट्ट ठेवा.

आत काय, याचं उत्तर घरातच पक्कं करा: गडद रंगाची अंगासरशी सायकलिंग शॉर्ट. मुलांसाठी यात दुसरा पर्यायच नाही, आणि तसं ठामपणे सांगितलं की मुलाच्या खांद्यावरचं मोठं ओझं उतरतं. मित्रांच्या प्रश्नाला ‘शॉर्ट्स’ एवढं एका शब्दाचं उत्तर तयार ठेवायला सांगा.

नेसण्याचा क्रम

शर्ट आणि शॉर्ट झाल्यावर आधी होज आणि बूट. किल्ट नेसल्यावर वाकून नाड्या बांधायला गेलं की चुण्या चुरगळतात आणि शर्ट बाहेर येतो. होज वर दुमडा, दुमड गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटांवर यावी. फ्लॅश, म्हणजे गार्टरची रंगीत टोकं, पायाच्या बाहेरच्या अंगाला आणि दुमडीखालून जेमतेम दिसतील एवढीच. गिली ब्रोगला जीभ नसते. नाड्या पुढे तीन-चार वेळा पिळायच्या, घोट्याच्या किंचित वर मागून फिरवून पुढे गाठ मारायची. पोटरीपर्यंत चढवल्या तर पायातून कळ येते.

आता किल्ट. मुलाच्या पाठीमागे तो उघडा धरा, चुण्या मागे. मुलाच्या उजव्या हाताचं टोक पोटावरून डावीकडे न्या, त्याचा पट्टा डाव्या कमरेच्या चिरेतून बाहेर काढून बक्कलात अडकवा. मग डावीकडचं टोक वरून उजवीकडे आणा आणि उजव्या बाजूची दोन्ही बक्कलं लावा. वरचं घट्ट, खालचं थोडं सैल. खालचं आवळलं की मागच्या चुण्या फाकतात. दशा असलेली कड उजव्या मांडीवर आली म्हणजे बरोबर नेसला. पुढच्या पदराचा मध्य बेंबीच्या सरळ खाली असावा.

किल्ट पिन फक्त वरच्या पदराला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून चार-पाच आणि तळापासून सुमारे 10 सेंटीमीटरवर. दोन्ही पदर एकत्र टोचले तर पाऊल टाकताना कापड ओढलं जाऊन फाटतं. स्पोरनची साखळी मागच्या फितींतून घ्यायची आणि स्पोरन वेस्टकोटच्या खाली चार बोटं सोडून लटकवायचा. त्याहून खाली गेला तर चालताना आपटतो. आणि स्पोरनमध्ये फोन मावतो हे मुलाला आवर्जून दाखवा. किल्टला खिसे नसतात ही त्याची तक्रार तिथेच मिटते.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्कीअन डू, मोठ्यांच्या पोशाखात असतो. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून स्कॉटलंडच्या कायद्यात त्याला मुभा आहे, तरी मुलाला खरं पातं देऊ नका. फक्त मूठ असलेले प्लास्टिकचे मिळतात, तसा घ्या, आणि शाळेचा कार्यक्रम असेल तर तोही घरी ठेवा.

तीन सराव

पहिला सराव घरात वीस मिनिटांचा, नुसता किल्ट आणि टी-शर्ट, टीव्ही बघताना. दुसरा तासाभराचा, होज आणि बुटांसकट, म्हणजे बूट चावतात का ते कळतं. तिसरा घराबाहेर: बागेत किंवा गल्लीच्या टोकापर्यंत. तीन सरावांत मिळून चार गोष्टी जमल्या पाहिजेत.

बसणं: खुर्चीसमोर उभं राहून दोन्ही हात मागून खाली फिरवायचे, चुण्या सपाट करत बसायचं, स्पोरन दोन मांड्यांच्या मध्ये पडू द्यायचा. त्याच्या वजनाने पुढचा पदर जागेवर राहतो. चटकन धपकन बसलं की चुण्या मोडतात आणि किल्ट मागून वर जातो.

वारा: पाठीवर वारा असेल तर एक हात मागे, बस्स. दोन्ही हातांनी सगळीकडून धरून चालणारा मुलगाच लोकांच्या नजरेत येतो.

स्वच्छतागृह: हे घरात एकदा खरोखर करून बघायला लावा. स्पोरन आधी बाजूला कमरेवर सरकवायचा. उभ्याने जायचं तर पुढचा पदर उचलायचा. बसायचं तर मागच्या चुण्या दोन्ही हातांनी गोळा करून पुढे मांडीवर घ्यायच्या. मुलं याविषयी स्वतःहून विचारत नाहीत आणि मग समारंभात चार तास पाणी पीत नाहीत.

नाच: केलीत स्ट्रिप द विलोसारख्या नाचात जोडीदार हात धरून जोराने गरगर फिरवतात. तेव्हा चुण्या उडतातच, आणि त्या तशा उडाव्यात म्हणूनच तर मागे इतकं कापड घातलेलं असतं. स्पोरन कमरेवर सरकवायचा इथेही लक्षात ठेवा, नाहीतर तो मांडीवर सपासप आदळतो. नाच आधी शिकवून नेलात तर मुलगा किल्ट विसरतो. पावलं चुकतायत याची लाज किल्टच्या लाजेपेक्षा मोठी असते.

त्या दिवशी

फोटोचा करार आधी करा: किती, कोणाबरोबर आणि कुठे टाकायचे. ‘आजीला पाठवायचे, बाकी कुठेही नाही’ असं ठरलं असेल तर अक्षरशः तसंच वागा. पाहुण्यांपैकी कोणी ‘पाय बघा किती गोरेपान’ किंवा ‘आत काय आहे रे?’ असली थट्टा करणार असेल तर त्यांना आदल्या दिवशी फोन करून थांबवा. हे काम आईवडिलांचं, मुलाचं नाही. पिशवीत पँट ठेवा आणि ठेवली आहे हे त्याला सांगा. जेवणानंतर बदलायची मुभा असली की बहुतेक मुलं बदलत नाहीत. एखाद्याने बदललीच, तरी तोंड वाकडं करायचं नाही.

लालूच आणि लाज ही दोन्ही हत्यारं टाळा. ‘नेसलास तर गेम घेऊन देईन’ म्हटलं की किल्ट ही शिक्षा आहे हे तुम्हीच कबूल केलंत. ‘आजोबांना काय वाटेल’ म्हटलं की तो एकदा नेसेल आणि मोठा झाल्यावर पुन्हा हात लावणार नाही.

एवढं करूनही नाही म्हणाला तर ट्रूज द्या. टार्टनची ही विजार तितकीच पारंपरिक आहे आणि हायलँडच्या काही रेजिमेंटही ती वापरत आल्या आहेत. तेही नको असेल तर साधा सूट आणि टार्टनचा टाय. पुढच्या समारंभाला पुन्हा विचारता येतं.

मोठ्या मुलीचा नकार वेगळ्या कारणाने येतो. तिला बहुधा पांढरा फ्रॉक आणि पट्टा लहान मुलींचा वाटतो. तिला तिच्याच आवडीच्या साध्या ड्रेसवर टार्टनची सॅश म्हणजे लांब पट्टी उजव्या खांद्यावरून घेऊन ब्रोचने अडकवू द्या, किंवा चुण्यांचा किल्टेड स्कर्ट आणि स्वेटर. बहीण-भाऊ दोघांनाही सारखीच मोकळीक हवी.

घरी आल्यावर किल्ट पावसाने भिजला असेल तर ड्रायरमध्ये टाकू नका, कमरेच्या पट्टीला चिमटे लावून मोकळ्या हवेत टांगा. प्रवासाला न्यायचा तर चुण्या सरळ करून उभा गुंडाळायचा आणि जुन्या नायलॉन स्टॉकिंगचा पाय कापून त्यात सरकवायचा. ही गुंडाळी मुलालाच शिकवा. आपला किल्ट स्वतः गुंडाळणारा मुलगा पुढच्या वेळी तो बहुधा स्वतःच नेसून बाहेर येतो.